संगप्पांच्या पिस्तुलाच्या नळ्या

सोमलिंगनं दुकानात आल्या आल्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू टेबलावर आपटली आणि म्हणाला, "काका, याला नळी बसवा. अडतीसची."

ईश्वरप्पांना ती वस्तू बघताक्षणी ओळखू आली. सोलापुरात मंगळवार पेठेत त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं, आणि हे पिस्तूल वीस-बावीस वर्षं, मागची दिवाळी सोडली तर, दर दिवाळीच्या सुमाराला तेल-सफाईसाठी त्यांच्याकडे येत होतं. ते सोमलिंगच्या वडिलांचं, मंद्रूपकडच्या संगप्पांचं. सत्तेचाळीस साली गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला, तेव्हा संगप्पांनी ते त्याच्याकडून घेतलं होतं. एका वेळी एकच गोळी जाणारं, पण कारागिरी अशी की ईश्वरप्पा ते हातात घेतलं की लवकर खाली ठेवत नसत. त्याला दोन नळ्या होत्या. एक बारीक, बावीसच्या काडतुसाची, दुसरी बत्तीसची. एक खीळ काढली की एक नळी सुटायची आणि तिच्या जागी दुसरी बसायची. पाखरांसाठी संगप्पा बारीक नळी लावत, आणि लांडगा मेंढरांवर आला की मोठी. आज टेबलावर होता तो नुसता सांगाडा. मूठ, घोडा, चाप. नळी एकही नव्हती.

नळ्या कुठं गेल्या असं विचारल्यावर सोमलिंग म्हणाला की अक्कानं चोरल्या. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण चंद्रव्वा. नवरा वारल्यावर ती दहा वर्षांपूर्वी माहेरी आली होती आणि संगप्पांनी जाण्याआधी आठ एकर रान आणि विहिरीतला निम्मा वाटा तिच्या नावावर केला होता. संगप्पा चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला गेले. तेव्हापासून एका वाड्यात दोन चुली पेटत होत्या आणि भाऊबहीण एकमेकांच्या घागरीला हात लावत नव्हते. पिस्तुलाचा परवाना सोमलिंगनं आपल्या नावावर करून घेतला, पण पेटी उघडली तर आत नुसता सांगाडा निघाला.

ईश्वरप्पांनी त्याला शांतपणे समजावलं. आपला परवाना दुरुस्तीचा आहे, नवी नळी घडवायचा नाही. शिवाय अडतीसचा बोअर, म्हणजे एवढ्या मोठ्या भोकाची नळी, सरकारनं साध्या माणसाला बंद केलेला आहे, आणि सोमलिंगच्या परवान्यात बावीस आणि बत्तीस असंच लिहिलेलं आहे. जुन्या नळ्या आण, मिनिटात बसवून देतो. सोमलिंग म्हणाला, काडतुसं मी हैदराबादकडनं अडतीसची आणून ठेवलीत, तेव्हा नळीपण तसलीच पाहिजे.

"लांडग्याला बत्तीस पुरंल की," ईश्वरप्पा म्हणाले.

"लांडग्यासाठी कोण म्हणालं?"

यावर ईश्वरप्पांनी फडकं पुन्हा सांगाड्यावर टाकलं आणि तो त्याच्याकडे सरकवला. सोमलिंग उठला. आमच्या घरचं जेवलेली माणसं अशी उलटतात, असं तो म्हणाला. अक्कलकोट रोडला कारखान्यांत टर्नर पैशाला पासरी आहेत, ते नळी करून देतील, आणि मग तुमचा परवाना कसा टिकतो तेही बघतो, असंही म्हणाला. ईश्वरप्पा त्याच्या वडिलांच्या वयाचे, नात्यानं लांबचे चुलते. जाताना त्यानं त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही.

चार दिवसांनी चंद्रव्वा आली. पंचेचाळिशीची, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडावर राग. बसा म्हटलं तरी ती बसली नाही. आधी तिनं विचारलं, त्याला अडतीसची नळी करून दिली का. नाही म्हटल्यावरसुद्धा तिनं यंत्राकडं, कपाटाकडं नजर फिरवली, जणू कुठंतरी लपवलेली सापडेल. मग पिशवीतून टॉवेलाची गुंडाळी काढली. आत दोन्ही नळ्या होत्या.

तिनं सांगितलं ते असं. मागच्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यावरून सोमलिंगनं वाटेकरी कुंडलिकच्या छातीवर पिस्तूल लावलं होतं. कुंडलिक तिचं रान करायचा. संगप्पा तेव्हा उठत-बसत होते. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी नळ्या काढून लेकीच्या हातात दिल्या आणि सांगितलं, याच्या हातात सगळं एकदम पडू द्यायचं नाही. परवाना बापानं लेकाला द्यावा ही रीत, ती त्यांना मोडवली नाही. पण नळ्या त्यांनी वेगळ्या केल्या.

ईश्वरप्पांनी तिला स्पष्ट सांगितलं की कागदावर दोन्ही नळ्या आता सोमलिंगच्या आहेत. त्यानं फिर्याद केली तर विनापरवाना हत्याराचा भाग बाळगला म्हणून तीच आत जाईल. यावर उपाय एकच होता. दुकानाच्या परवान्यात लोकांची हत्यारं सुरक्षित ठेवून घ्यायची मुभा होती. नळ्या इथं ठेवायच्या, पावती घ्यायची, आणि कलेक्टर कचेरीत अर्ज करायचा की या माणसाच्या हाती हत्यार धोक्याचं आहे.

"अर्ज दिलाय. चौकशी करतो म्हनले," चंद्रव्वा म्हणाली. "नळ्या मी कपाटात ठेवायला देतीया. तुमी त्याचे पाव्हणे, आमचेबी पाव्हणे. म्हनून मला तुमचा भरवसा न्हाय. दुसरा कोण न्हाय म्हनून देतीया."

ईश्वरप्पांना ते लागलं. तरी त्यांनी पावती लिहिली, नळ्या तिच्यादेखत लोखंडी कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. ती आभार न मानता गेली.

आता कचेरीचा हुकूम येईपर्यंत गप्प बसणं एवढंच त्यांचं काम होतं. पण ईश्वरप्पा गप्प बसले नाहीत. समाजात दोन-तीन घरांची भांडणं त्यांनी मिटवली होती आणि आपल्या शब्दाला वजन आहे अशी त्यांची समजूत होती. आपण मध्ये पडलो तर कचेरीची गरजच राहणार नाही, असं त्यांना वाटलं. दुसरं एक कारण होतं, ते त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं नाही. इतकी सुंदर वस्तू तुकडे होऊन पडलेली त्यांना बघवत नव्हती. ती एकदा पुरी जुळलेली बघावी, अशी त्यांना ओढ लागली होती.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी दोघांना अकरा वाजता दुकानात बोलावलं. बेत असा की सोमलिंगनं सांगाडाही इथंच ठेवायचा, दोघांनी कागदावर सही करायची, आणि हुकूम येईपर्यंत पिस्तूल पुरं त्यांच्या कपाटात राहील. कुणाची चोरी नाही, कुणाचा ताबा नाही.

चंद्रव्वा भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली. सोमलिंग सांगाडा घेऊन आला आणि उभाच राहिला. ईश्वरप्पांनी दार लोटून घेतलं, कपाट उघडलं आणि दोन्ही नळ्या टेबलावर फडक्यावर मांडल्या, नीट आहेत हे दोघांना दिसावं म्हणून. चंद्रव्वानं मान वळवून त्यांच्याकडे एकदा बघितलं.

त्यांनी कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. दोन ओळी वाचून होतात तोवर सोमलिंगनं विचारलं की कचेरीत माझ्याविरुद्ध अर्ज कुणी दिला. ईश्वरप्पा म्हणाले, ते आता बाजूला ठेव. चंद्रव्वा म्हणाली, मी दिला, आणि कुंडलिकच्या अंगठ्यासकट दिला. सोमलिंग कानडीत ओरडला, "सुम्निरु!" गप्प राहा म्हणून. ती गप्प राहिली नाही. बापाला मरताना लेकाची भीती वाटत होती, हे ती त्याच्या तोंडावर बोलली.

मग जे झालं ते ईश्वरप्पांना पुढं जबानीत सांगताना क्रमानं सांगता आलं नाही. सोमलिंगचा हात टेबलावर गेला. त्यानं मोठी नळी उचलली, सांगाड्यात सरकवली, खीळ अंगठ्यानं आत दाबली. हे तो लहानपणापासून बापाजवळ बसून शिकलेला होता. कट् असा आवाज झाला आणि पिस्तूल पुरं झालं. ईश्वरप्पांच्या हातात कागद तसाच होता.

सोमलिंगनं पिस्तूल मधे उघडलं आणि खिशातून काडतूस काढलं. ते नळीच्या मागच्या तोंडाशी नेलं. गेलं नाही. त्यानं ते फिरवून लावलं. गेलं नाही. अंगठ्यानं दाबलं, तळहातानं दाबलं. समोर चार हातांवर बहीण बसलेली, आणि हा मान खाली घालून काडतूस नळीत कोंबतोय.

"ती बत्तीसची हाय, सोम्या," चंद्रव्वा म्हणाली. जागची हलली नाही. "तुझ्या खिशात अडतीसची हायत. आप्पानं येवढंबी शिकवलं न्हाय व्हय तुला?"

तेव्हा कुठं ईश्वरप्पांना भान आलं. त्यांनी टेबलाला वळसा घालून सोमलिंगचं मनगट धरलं. झटापटीत पिस्तुलाची मूठ त्यांच्या भुवईवर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पण साठीतला माणूस असला तरी आयुष्यभर लोखंड धरलेले हात होते. त्यांनी मनगट सोडलं नाही. आवाज ऐकून शेजारचे चादरीवाले दोघे आत शिरले आणि त्यांनी सोमलिंगला खाली बसवलं. तो बसला तो बसलाच. मुठीतलं काडतूस मात्र त्यानं पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

बंद बोअरची काडतुसं अंगावर सापडली आणि बहिणीवर हत्यार उगारलं, म्हणून सोमलिंगला दीड वर्षाची शिक्षा झाली. पिस्तूल नळ्यांसकट सरकारजमा झालं. खटल्यात मुख्य साक्ष चंद्रव्वाची होती. तिनं भावाचं जे होतं ते सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. मग वकिलानं विचारलं की नळ्या आरोपीच्या हाताशी कशा आल्या. तिनं ईश्वरप्पांकडे बघत तेही सांगितलं. त्या कपाटात ठेवायला दिल्या होत्या, यांनी त्या टेबलावर मांडल्या, आणि दार लोटून घेतलं होतं.

त्या एका वाक्यावर चौकशी लागली. सुरक्षित ठेवायला घेतलेले भाग हुकुमाशिवाय बाहेर काढले, दुकानात हत्यार जुळू दिलं, असा ठपका आला, आणि एकतीस वर्षांचा परवाना रद्द झाला. ईश्वरप्पांनी वर अपील केलं. तेही गेलं.

सोमलिंगच्या खटल्याचा निकाल लागला त्या दिवशी, चौकशी नुकतीच सुरू झालेली असताना, कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांनी चंद्रव्वाला गाठलं. भुवईवरचा व्रण अजून लाल होता. तुझ्यासाठी मी मध्ये पडलो, डोकं फोडून घेतलं, आणि तू मलाच बुडवलंस, असं ते म्हणाले. आवाज चढला होता. माणसं थांबून बघायला लागली.

चंद्रव्वानं सगळं ऐकून घेतलं. "काका, मी तुमच्याकडं न्याय मागाया आली न्हवती," ती म्हणाली. "कुलूप मागाया आली हुती."

ती कुंडलिकबरोबर स्टँडच्या दिशेनं निघून गेली.

दुकानाची पाटी उतरवल्यावर ईश्वरप्पांनी तिथंच शिवणयंत्रं आणि मागाचे सुटे भाग दुरुस्त करायला घेतले. हात चांगला होता, गिऱ्हाईक आलं. समाजातल्या भांडणाला कुणी बोलावलं तर ते तब्येतीचं कारण सांगून जात नसत. सोमलिंग सुटून आला, विहिरीवर पुन्हा भांडला, पण आता फावड्यानं. कुंडलिकचा हात मोडला आणि सहा आठवड्यांनी बरा झाला. ही बातमी मंद्रूपच्या एका शिंप्यानं यंत्र दुरुस्तीला आणलं तेव्हा सांगितली. ईश्वरप्पांनी यंत्राचं चाक फिरवून बघितलं आणि शिंप्याला विचारलं, नुसता हातच ना? शिंपी व्हय म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि पेचकस उचलला.