वीस अक्षरांत अण्णा

मी यंत्रात जे टिपून घेते ते जागेवरून उठतं आणि यंत्रात जातं. पहिल्यांदा कुकर गेला. ‘कुकर बंद करायचा’ एवढंच मी लक्षात राहावं म्हणून टिपलं, तर ओट्यावर नुसता गॅस फुरफुरत राहिला. ओळीवरून बोटं फिरवून वाचलं तेव्हा कुकर माझ्या मांडीवर आला, चांगलाच गरम. मी ओरडले. आई म्हणाली, "बरं झालं बाई, कायतरी कामाला आलं ते मशीन."

यंत्र पुस्तकाएवढं आहे. वर सहा कळा, खाली ब्रेलची एक ओळ. ओळीत एका वेळी वीस अक्षरं मावतात. ती वाचली की अंगठ्यानं कळ दाबायची. जुने ठिपके खाली बसतात, नवे वर येतात. मी जन्मापासून आंधळी आहे आणि कऱ्हाडला कॉलेजात इतिहास शिकवते. माझी सगळी व्याख्यानं याच्यात आहेत. घरातल्यांना मात्र ते जादूची पेटी वाटायचं. पत्रिका बघतं का, मिक्सर दुरुस्त करतं का, दुधात पाणी किती ते सांगतं का, असलं काहीबाही विचारायचे. एका वेळी वीसच अक्षरं, हे मी किती वेळा सांगितलं असेल! कोणी कानावर घेतलं नाही.

अण्णा कऱ्हाडच्याच पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. टेकडीवर पंपघर आणि त्याला लागून आमचं क्वार्टर. ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. माझा धाकटा भाऊ संग्राम पुण्याहून गाडी घेऊन आला. त्यानं तिकडे आम्हा सगळ्यांसाठी फ्लॅट घेतला होता.

"टेम्पो कधी येणार?" मी विचारलं.

"टेम्पो कशाला? तुझं मशीन आहे ना," संग्राम म्हणाला. "सगळं टिप, तिकडे जाऊन वाच. हाय काय अन् नाय काय."

"अरे, मोठ्या वस्तू तुकड्या-तुकड्यांनी येतील. वीस वीस अक्षरांच्या."

"मग थोडक्यात लिही. आणि सगळं एकाच फाइलमध्ये टाक, सोपं पडतं."

ऐकलं मी त्याचं. सकाळभर कळा बडवल्या. मी ‘कपाट’ लिहिलं, कपाट गेलं; त्याच्या दाराची करकर मागे राहिली आणि भिंतीपाशी आपली आपण वाजत राहिली. ‘आरामखुर्ची’ लिहिलं तेव्हा खुर्ची गेली आणि तिचे दोन हात जमिनीवर पडले. जे टिपलं नाही ते जात नाही, हे तेव्हा मला कळलं. मी थांबले. संग्राम म्हणाला, "हात कशाला हवेत खुर्चीला? आटप ना ताई. आणि ती मशीनमधली बाई बंद कर, डोकं उठलंय माझं."

यंत्रात एक बाई बोलते. किती चार्जिंग आहे, किती जागा आहे ते सांगते. मी तिचा आवाज बंद केला.

घर रिकामं झालं तेव्हा अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. ते कायम मोठ्यानं बोलतात. पंपाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही.

"वैजू, मला गाडीत बसून न्हाई जायचं," ते म्हणाले. "हितनं उतरताना मागं बघावं लागंल. मला पण लिवून घे."

"अण्णा, काहीतरीच काय."

"अगं, किती मावतंय ह्यात?"

आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.  मी म्हणाले, "नक्की नाही सांगता यायचं. पण तुम्हाला थोडक्यात नाही लिहिणार मी." त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि बजावलं, "लिहून होईपर्यंत हलू नका, बोलू नका."

मी पायांपासून सुरुवात केली. डावी चप्पल जास्त झिजलेली. उठताना वाजणारा गुडघा. विजारीच्या खिशात पंपघराची किल्ली, जी ते द्यायची विसरले होते किंवा मुद्दाम विसरले होते. पाना धरून घट्टे पडलेले तळहात. दम्याची धाप, जी आधी नाकात वाजते. लिहीन तसे अण्णा शेजारून कमी होत गेले. चेहऱ्यापाशी आले आणि अडले. मी आईला हाक मारून विचारलं, "डोळे कसे आहेत गं त्यांचे?"

"काळे," आई म्हणाली.

"काळे कुठले? घारे आहेत," संग्राम म्हणाला.

"चाळीस वर्सं संसार मी केला का तू केलास?"

"आई, घारे आहेत. माझ्यावर गेलेत."

भांडत भांडत दोघं गाडीकडे गेली. त्यांना डोळे होते आणि अण्णा समोर होते. मान वळवून बघायचं एवढंच काम होतं. मी मला ठाऊक होतं तेवढं लिहिलं. कपाळ, मिशी, आवाज. ओळीवर ठिपके नीट उठत होते. मग हाक मारली, "अण्णा?" उत्तर आलं नाही. आले सगळे, असं समजून मी यंत्र पिशवीत घातलं.

पुण्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. मी खोलीच्या मधोमध फरशीवर बसून वाचायला लागले. एकच फाइल असल्यामुळे वरून खालीच वाचावं लागत होतं. कपाट आलं, मग दुसरं कपाट. पत्र्याची पेटी, दिवाण, गाद्या, पिंप. जे जिथं आलं तिथंच राहिलं, कारण ढकलायला जागा नव्हती. संग्राम बाल्कनीत सरकला आणि दिवाण आडवा आल्यानं तिथंच अडकला. आई ओट्यावर चढून बसली. माझ्या दोन्ही खांद्यांना लाकूड लागलं.

"यातलं थोडं खोडू का?" मी विचारलं. "खोडलं की कायमचं जातं. पण अण्णांना बसायला तरी जागा होईल."

"माझं फडताळ खोडशील तर बघ," आई ओट्यावरून म्हणाली.

शेवटी अण्णांची ओळ आली. चपला आल्या. गुडघा वाजला. किल्ली किणकिणली. तळहात आले, त्यातला एक माझ्या डोक्यावर. धाप आली. मी कळ दाबली. पुढची ओळ कोरी होती. पुन्हा दाबली. ती पण कोरी.

मी बाईचा आवाज चालू केला. ती म्हणाली, "जागा शिल्लक नाही."

"आवो, च्या घ्या," आई म्हणाली. गाद्यांवरून वाकून तिनं कप पुढे केला. अण्णांनी तो धरला. बराच वेळ धरला. आई हळू आवाजात म्हणाली, "वैजू, ह्यास्नी तोंडच न्हाई. खांद्यापासनं वर कायच न्हाई गं."

मी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, ते वैयक्तिक टिपणांसाठी आहे. आपल्या अपेक्षा जरा जास्त आहेत. काय साठवलं होतंत?"

"वडील."

"पूर्ण?"

"हो."

"सगळे तसंच करतात," ते म्हणाले. "आम्ही सारांश सुचवतो."

मी फोन ठेवला. अंगाचा नुसता संताप झाला होता. थोडा साहेबांचा, थोडा संग्रामचा आणि बराचसा माझा स्वतःचा, कारण ती बाई मीच गप्प केली होती. अण्णांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं. लहानपणी रस्ता ओलांडताना ते असंच करायचे; त्याचा अर्थ ‘चल’. मी यंत्र उचललं, कपाटांमधून आडवी होऊन दारापर्यंत गेले आणि कऱ्हाडची एसटी धरली.

टेकडीचा रस्ता मी फार पूर्वीच टिपून घेतला होता. तो बाहेर टाकून ठेवला की कोणीतरी खोदून ठेवतं, म्हणून मी तो जवळच बाळगते; संग्रामच्या गाडीपुरता तेवढा बाहेर काढला होता. स्टँडवर उतरले आणि एक एक ओळ वाचत चालू लागले. वाचीन तेवढाच रस्ता पायाखाली येत होता: गिरणीचा वास, उतार, पुलाचा कठडा, चढ. वर पोचल्यावर परतीला लागेल म्हणून सगळा पुन्हा टिपून घेतला. मागे रस्त्याची जागा मोकळी झाली आणि तिथून गार वारा लागायला लागला.

क्वार्टर रिकामं नव्हतं. टिपायचं राहिलेलं सगळं तिथंच होतं. कपाटाची करकर भिंतीपाशी वाजत होती. डब्यांशिवाय डाळीचा वास बसला होता. खुर्चीचे हात एकमेकांशेजारी पडले होते. पलीकडे पंप चालू होता. पायरीवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, अण्णांचा आवाज होता.

"आलीस व्हय?" तो ओरडला.

"अण्णा! मी हाक मारली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तूच म्हनलीस हलू नगा, बोलू नगा. गप बसलो."

मी पायरीवर बसले. रडू आलं ते आवरलं नाही. इतक्या शहाण्या माणसांच्या घरात सूचना पाळणारा एकटा हाच, आणि तोच मागे राहिला होता.

"रडतीस कशापायी? लिव की."

मी कळांवर बोटं ठेवली. बाई म्हणाली, "जागा शिल्लक नाही. काय काढायचं?"

घरचं सामान तर वाचून बाहेर आलं होतं, पण ती जागा मी रस्ता पुन्हा बारकाईनं टिपताना भरली होती. आत उरलं होतं ते माझं होतं. मी पेशवाई काढली, म्हणजे खोडली. बारा वर्षं शिकवलेली पेशवाई डोक्यातून गेली, पानिपतासकट; आता वर्गासमोर उभं राहून काय बोलायचं ते मला आठवेना. मग संस्थानं काढली, मग भूदानाचं टिपण.  बोटं थांबली नाहीत. मला माझा बाप पुरा हवा होता, सारांश नको होता.

"जागा झाली का?" अण्णांनी विचारलं.

"होतेय."

मी हात पुढे केला. कपाळ बोटांना लागलं. मोठी झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याला मी कधी हात लावला नव्हता. आमच्यात तशी पद्धत नाही. भुवया दाट निघाल्या. नाकाच्या शेंड्यावर एक बारका खड्डा होता, तो मला माहीतच नव्हता. मी एका हातानं वाचत होते आणि दुसऱ्यानं लिहीत होते. लिहीन ते बोटाखालून निघून जात होतं.

"अण्णा, डोळे कसे आहेत तुमचे? आई काळे म्हणते, संग्राम घारे म्हणतो."

"मला काय ठावं? आरशात बघताना दाढीकडं ध्यान असतंय."

मी त्यांच्या पापण्यांवर अंगठा ठेवला. आत बुबुळं हलली, टेकडीखालच्या गावाकडे आणि परत माझ्याकडे. मी तेच लिहिलं. रंग लिहिला नाही.

मिशी गेली. हनुवटी गेली. आता नुसता आवाज उरला. बाई म्हणाली, "जागा शिल्लक नाही. काय काढायचं?"

मी शोधलं. इतिहास संपला होता. वर्गातल्या मुलांची नावं गेली होती. आत अण्णांचा चेहरा होता आणि रस्ते होते. मी कॉलेजचा रस्ता काढला. दवाखान्याचा काढला. पुण्यातल्या फ्लॅटचा जिना काढला. थोडा आवाज आत गेला: त्यांची हाक, त्यांचं खाकरणं, शिव्या. बाई पुन्हा तेच बोलली.

"आता काय ऱ्हायलंय?" आवाज म्हणाला. तो निम्म्यानं लहान झाला होता आणि पंपाच्या घरघरीत मला कान देऊन ऐकावा लागत होता.

"टेकडीचा रस्ता."

"त्यो नगं काढू. जाशील कशी?"

"जाईन."

"वैजू, ऐक माझं. मला बोलता न्हाई आलं तरी चालंल. हात हायत की तिकडं."

"तुम्ही चहाचा कप हातात धरून बसलाय तिकडे," मी म्हणाले, आणि रस्ता काढला.

पायरीच्या पुढून वारा जोरात आला. गिरणीचा वास मला आठवेना; आधी उतार होता की पूल, तेही आठवेना. मी लिहू लागले. अण्णा बोलत होते आणि शब्द कानापर्यंत येण्याआधी यंत्रात जात होते. सावकाश जा म्हणाले असतील, किंवा जाऊ नको म्हणाले असतील. पुण्याला वाचीन तेव्हा कळेल. शेवटचा शब्द आत गेला आणि पायरीवर फक्त पंप ऐकू यायला लागला.

बाई म्हणाली, "साठवलं."

मी यंत्र पिशवीत घातलं, पिशवी पोटाशी धरली, उठले आणि पायरीच्या कडेवरून पाऊल पुढे टाकलं.