उणं न बोलण्याचा नेम

“वन्सं, माझ्या शांतेला मी होते तश्शी सांगा. देवी करून ठेवू नका मला.”

जाईवहिनी जायच्या आदल्या दिवशी म्हणाली होती. मी हो म्हटलं. गाठीच्या तापाने आमच्या लालबागच्या चाळीत घराघरातलं माणूस नेलं; दादा तर तिच्याही आधी गेला. शांतेला तिच्या मामाने गिरगावात नेलं.

पुढच्या श्रावणात सोमवारची कहाणी वाचून झाली की आम्ही बायका देवळातून उठायचो नाही. हातातल्या अक्षता तशाच धरून एकेकीने आपल्या गेलेल्या माणसाचं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मला अक्षरं येतात म्हणून मी लिहायचं. पोरांना पुढे वाचता यावं एवढाच हेतू. पण चातुर्मासात माझा नेम होता, कुणाचं उणं बोलायचं नाही. मग लिहायचं तरी कसं? जे जे उणं वाटलं ते गाळत गेले.

एका सोमवारी झालेलं लिखाण वाचून दाखवलं. लेकाचं ऐकता ऐकता गंगुबाई कोळीण हसायलाच लागली.

“यो कोण गो बाय? यो माझा धोंडू नाय. कुणी गोसावी दिसतो.”

“तुम्हीच सांगितलंत ना, पाटीतला मोठा पापलेट आईसाठी काढून ठेवायचा म्हणून?”

“ठेवायचा. पण शिव्या देत ठेवायचा. ‘खा म्हातारे, नायतर मरशील,’ म्हणायचा. त्या शिव्या कुठं टाकल्यास?”

“सोमवारी, देवळात, शिव्या लिहू?”

“लिव. त्यांच्याबिगर त्याचा आवाज येत नाय मला.”

बायका हसल्या. मंजुळाने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “आमच्या सासूबाईंचं घोरणंपण घाला हो, मीराबाई.”

घरी येऊन दिवा लावला. देवाला म्हटलं, नेम मोडतेय की पाळतेय ते तूच बघ. मग जाईवहिनीची पानं काढली. सोशिक, अबोल, व्रतस्थ. हिला शांतेने ओळखलंच नसतं. नवं लिहायला घेतलं. चातुर्मासात चोरून कांदा-भाकर खायची आणि वर मलाच म्हणायची, “वास तुमच्या उदबत्तीचा आहे.” दूध सांडलं म्हणून शांतेला चापट मारली, आणि रुसलेली पोर जेवेपर्यंत स्वतः उपाशी उंबऱ्यावर बसून राहिली.

लिहिताना मला हसू आलं. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

शाई वाळली. पानं पदराखाली धरली, दाराला कडी घातली आणि गिरगावच्या ट्रामकडे निघाले.