चोवीसशे आणि बत्तीसशेची फुगडी

मित्रांनो, या, बसा. पण माझ्या दातांना हात लावू नका. सोन्याचे आहेत. हसू नका, खरंच सोन्याचे आहेत! मुलामा असला म्हणून काय झालं, सोनं ते सोनंच.

मी एक म्हातारी रॅम आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी हिरवी पट्टी, तुमच्या वितीपेक्षा लहान, कडेला सोनेरी दातांची रांग. कॉम्प्युटर जे काही हातात घेतो ते आधी माझ्या ओटीत टाकतो. आकडा असो, अक्षर असो, गाणं असो, मी ते दोनच दाण्यांत सांभाळते, शून्य आणि एक. वीज गेली की ओटी रिकामी. मग ही एवढी गोष्ट मला आठवते कशी, असं ज्याला विचारायचंय त्याने मागे जाऊन बसावं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तो इतका स्वच्छ होता की तिथे माशीसुद्धा पाय धुवून आत यायची. बाहेर पडताना माझ्या अंगावर एक कागद चिकटवला, त्यावर आकडा होता चोवीसशे. तो माझा वेग. त्या वेगाने मला पळवा, मी दहा वर्षं दाणा सांडणार नाही. पहिली काही वर्षं मी ठाण्यात नौपाड्याला, सुमतीबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात काढली. लग्नपत्रिका, शाळेचे फॉर्म, कोणाच्या तरी नातवाचा बायोडेटा. सुमतीबाई कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणायच्या, "गुणी आहे गं बाई माझा." पुढे त्यांनी दुकान आवरलं आणि कल्याणच्या पोपटने तो कॉम्प्युटर माझ्यासकट उचलला. पोपट जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचा. हात चांगला होता त्याचा, पण पायाला भिंगरी.

त्याने आम्हाला डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात नेऊन बसवलं. कारखान्याचं नाव नाही सांगत, गेटवरचं नाव तसंही गंजून गेलंय. तिथे कपड्याच्या रंगाचं रसायन व्हायचं. एक मोठा बंद रिअ‍ॅक्टर होता, दोन माणसांएवढा उंच. विश्रामकाका त्याला हंडा म्हणायचे. तीस वर्षं ते त्या हंड्यावर कामाला. आत माल पडला की हंडा आपोआप तापायचा, म्हणून त्याच्या अंगाभोवती गार पाणी खेळवलेलं असायचं. पंच्याहत्तर अंशांपर्यंत ठीक. पंच्याऐंशीच्या वर गेला तर मग पाण्याचंही ऐकत नाही. मग काय होतं ते डोंबिवलीत शेंबड्या पोराला पण माहितीय. लांबच्या बिल्डिंगच्या काचा आधी फुटतात, कारण मग कळतं.

विश्रामकाकांची एक पद्धत होती. दर अर्ध्या तासाने लोखंडी शिडी चढायची, पाण्याच्या पाइपाला उलटा हात लावायचा, काट्यावरचा आकडा बघायचा आणि शेजारी टांगलेल्या पाटीवर खडूने लिहायचा. पाटी त्यांच्या मुलीची, पहिलीतली. मुलगी आता मुलुंडला नर्स आहे. दर खंडेनवमीला हंड्याला हार आणि त्या पाटीला झेंडूचं एक फूल, हा तिथला रिवाज.

मग आम्ही आलो. हंड्यातून एक वायर कॉम्प्युटरला आली, भिंतीवर भोंगा बसला. पंच्याहत्तरच्या वर गेलं की भोंगा वाजणार. त्या खंडेनवमीला कारखान्याच्या शेठनी हार उचलला आणि थेट कॉम्प्युटरच्या गळ्यात घातला. पाटीचं फूल राहूनच गेलं.

शिफ्टवरची केमिस्ट मृणाल, टिटवाळ्याहून येणारी, मनाने चांगली पोर. ती म्हणाली, "काका, आता कशाला शिडी चढता? गुडघे बघा तुमचे. भोंगा आहे ना!"

काका म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. हार त्याला घातलाय ना, मग कामपण त्यालाच करू दे." आणि त्यांनी पाटी उलटी करून टांगली.

ते मी ऐकलं. माझ्या सोन्याच्या दातांवर शहारा आला.

तरी वर्षभर काही झालं नाही. मी माझ्या चालीने चालत होते. मग शेठना कॉम्प्युटर सुस्त वाटायला लागला. त्यावरच बिलं, त्यावरच पत्रं, त्यावरच हंडा. पोपटला बोलावणं गेलं. तो आला आणि त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या खाचेत एक नवी रॅम दाबून बसवली. अंगात लाल जॅकेट, डोक्यावर दिवे. कागदावर आकडा होता बत्तीसशे.

"सरका आजी," ती म्हणाली.

"अगं, खाच तुझी वेगळी, माझी वेगळी. सरकू कुठे?"

"तसं नाही. मला मोकळं पळायला लागतं."

मित्रांनो, वेगळ्या वेगाच्या दोघी शेजारी बसल्या की शहाणा कॉम्प्युटर काय करतो? जी हळू आहे तिच्या चालीने दोघींना चालवतो. फुगडी खेळलाय ना कधी? हात एकमेकींत अडकले की दोघींना एकाच चालीत फिरावं लागतं. पहिल्या दिवशी तसंच झालं. बत्तीसशे बिचारी चोवीसशेवर आली. नाक फुगवलं तिने, पण चाललं.

शेठनी तोंड वाकडं केलं. "पोपट, नवीन टाकून पण कासवच?"

"थांबा शेठ, त्याला जरा टोचणी देतो." पोपट कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये गेला. त्या नवीच्या पोटात तिचा वेग लिहून ठेवलेला असतो. त्याने कॉम्प्युटरला सांगितलं, हाच वेग दोघींना लाव.

मी ओरडले, "अरे मेल्या, माझ्या अंगावरचा आकडा तरी वाच!" पण आमचा आवाज कुठे ऐकू येतो कोणाला.

कॉम्प्युटर सुरू झाला. भराभर. शेठ खूश. मृणालने विचारलं, "दादा, टेस्ट वगैरे नाही लावायची का?"

"मॅडम, टेस्टला दोन-तीन तास जातात. चारनंतर शीळफाट्याच्या ट्रॅफिकला अडकलो तर ठाण्याचं गिऱ्हाईक मला सोलून काढेल. सुरू झालं ना? सुरू झालं म्हणजे झालं."

तिथे चूक झाली, मित्रांनो. सुरू होणं निराळं, टिकणं निराळं.

आता मी बत्तीसशेच्या हाताला धरून गरगर फिरत होते. थंडीत कसंबसं जमलं. मार्चपासून दाणे सांडायला लागले. आधी एका पत्रात शेठचं आडनावच बदललं. मग एक फाइल उघडेचना. मग एक दिवस स्क्रीन एकदम निळा झाला आणि सगळं बंद पडलं. मृणालने फोन लावला.

"मॅडम, एकदा बंद करून चालू करा," पोपट म्हणाला.

"रोज तेच करतेय हो!"

"मग रोज करा. चालू होतंय ना?"

मे उजाडला. कॉम्प्युटरच्या खोलीतला पंखा गरम वारा फेकत होता. दुपारचा एक वाजलेला. मृणाल स्क्रीनवर मालाचा रिपोर्ट भरत बसली होती आणि हंड्याचा आकडा त्या रिपोर्टच्या मागे झाकलेला. काकांनी बाकावर डबा उघडलेला. मागच्या बाजूला पाण्याचा पंप बंद पडला होता. कुठे आवाज नाही, धूर नाही. नुसता थांबला होता.

भोंगा कधी वाजवायचा तो पंच्याहत्तरचा आकडा माझ्या ओटीत होता. दर सेकंदाला कॉम्प्युटर विचारायचा आणि मी सांगायचे. त्या दुपारी, त्या उकाड्यात, त्या वेगात, एक दाणा घसरला. फक्त एक. शून्याचा एक झाला. आणि पंच्याहत्तरचं झालं एक्क्याण्णव.

"हद्द किती?" कॉम्प्युटरने विचारलं.

"एक्क्याण्णव," माझ्या तोंडून गेलं.

"हंडा किती?"

"शहात्तर," बत्तीसशे म्हणाली.

"मग ठीक."

मी घाबरले. "अगं ए, हे एक्क्याण्णव माझं नाही! मला कोणी दिलंच नव्हतं!"

"असू दे ना आजी. विचारलं की सांगायचं. बाकी आपलं काय काम?"

"हंडा किती?"

"एकोणऐंशी."

"मग ठीक."

बाहेर काका भाकरीचा तुकडा मोडत होते. "मॅडम, या ना, सुकट आणलीय आज."

"आले काका, दोन मिनिटं."

दोन मिनिटं! हंडा एक्क्याऐंशीवर होता. भोंगा आपल्या जागी गप्प, आणि भोंगा गप्प म्हणजे सगळे निश्चिंत. त्या एका भिंतीपलीकडे बारा माणसं होती. पलीकडच्या गल्लीत चहाची टपरी, त्याच्यापुढे बिल्डिंगा, गॅलरीत वाळत घातलेले शाळेचे गणवेश. हे मला कसं दिसलं? दिसलं. म्हातारीला दिसतं.

"हंडा किती?"

"ब्याऐंशी."

खोटा आकडा सांगत राहिले असते तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. तेव्हा मी ठरवलं. लोक म्हणतील योगायोग, म्हणू देत. फुगडीत जे कधी करायचं नसतं ते मी केलं. मी हात सोडला. ओटीतले होते नव्हते तेवढे सगळे दाणे एकदम उधळून दिले.

स्क्रीन निळा झाला.

"ईऽऽ! माझा रिपोर्ट!" मृणालने टेबलावर हात आपटला. "काका, हा मेला परत पडला हो. सुरू होईपर्यंत वर जाऊन जरा काटा बघता का? प्लीज."

"हार घातलाय ना त्याला?"

"काका!"

"चाललो, चाललो." काका हात न धुताच उठले. शिडीची एक पायरी, दुसरी, गुडघ्याचा कट्‍ आवाज. त्यांनी पाइपाला उलटा हात लावला आणि पुढचा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"मॅडम, पाणी नाय! पळा! सगळ्यांना गेटबाहेर काढा, पळाऽऽ!"

काटा चौऱ्याऐंशीला टेकला होता. मृणाल ओरडत शेडभर धावली, माणसं गेटकडे पळाली. काका नाही पळाले. वरच्या टाकीच्या पाइपाला एक जुनं चाक होतं, हाताने फिरवायचं, बरीच वर्षं कोणी हात न लावलेलं. ते हंड्याच्या धगीने तापलेलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. टाकीतलं पाणी धडधडत खाली आलं.

चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी.

त्र्याऐंशी.

काकांनी पाटी सुलटी केली. तळहाताची कातडी निघालेली, तरी बोटांत खडू धरून त्यांनी आकडा लिहिला. मग ते शिडीवरच बसले. मृणाल खाली उभी राहून रडत होती, आणि काका तिला म्हणत होते, "सुकट गार झाली बघा."

दुसऱ्या दिवशी पोपट आला. आता त्याला टेस्ट लावायला सवड होती. पण लावली कशी? तोच बत्तीसशेचा वेग ठेवून. बत्तीसशे सुखरूप निघाली आणि माझ्या नावापुढे लाल रेघाच रेघा.

"ही बघा शेठ, ही म्हातारी खराब. हिनेच घोळ केला," पोपट म्हणाला आणि त्याने मला उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चोवीसशेवर एकदा विचारून बघितलं असतं तर मी एकही दाणा सांडला नसता. पण विचारतं कोण?

काकांनी मला उचललं. हाताला बँडेज होतं. "हिच्यामुळे मी शिडी चढलो," ते म्हणाले. त्यांनी माझ्या कडेच्या खाचेत दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि मला पाटीशेजारी खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून मी इथे आहे. वीज नाही, तरी बोलते. म्हातारीला बोलायला वीज लागत नाही.

मित्रांनो, आमची जोडी लावताना अंगावरचा आकडा वाचा. जिची चाल हळू तिच्या चालीने दोघींना चालवा, चार क्षण जास्त लागले तर लागू देत. जोडी लावली की नीट तपासा. आणि भोंगा वाजला नाही म्हणून भाकरी मोडत बसू नका. जाऊन पाइपाला हात लावून बघा.

हे सगळं मी आज का सांगतेय? कारण परवा पोपट परत येऊन गेला. बत्तीसशेच्या शेजारी त्याने दुसरी एक जुनी बसवलीय, सव्वीसशेची. तेवढीच होती म्हणे त्याच्याकडे. टोचणी तीच दिली आणि घाईघाईने गेला. आज काका हाताच्या ड्रेसिंगला गेलेत, मृणालची सुट्टी आहे आणि आत बदलीवरचा आनंदा बसलाय. त्याला सांगितलंय, भोंगा आहे.

पाटीवर काकांनी जाताना लिहिलेला आकडा आहे तो अकरा वाजताचा. आता साडेबारा वाजलेत. मघापासून पाण्याच्या पाइपाचा आवाज येत नाहीये.

अरे, कोणीतरी शिडी चढा रे.