कोपऱ्यातला ट्रे

बारा अंश

प्रयोगशाळेच्या थंड खोलीत माळावरचं देशी गवत पेरलं होतं. हे गवत मोठं हट्टी. ऊब लागल्याशिवाय त्याचं बी डोळा उघडत नाही. बारा अंशांत ते झोपूनच राहतं, एवढंच तर दाखवून द्यायचं होतं. शेजारच्या अठ्ठावीस अंशांच्या खोलीत तेच गवत गुडघाभर वाढलेलं.

आणि थंड खोलीतल्या कोपऱ्यातल्या ट्रेवर हिरवी लव धरली.

साहेबांनी खोली गार ठेवणारं यंत्र दुरुस्त केलेल्या मेकॅनिकला बोलावून सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली. काटा बारा दाखवतोय, पण गवत खोटं बोलत नाही. म्हणजे यंत्राची दुरुस्ती धड झालेली नाही. आता दुसरा माणूस बघावा लागेल, असंही म्हणाले.

बियाणं सांभाळणारी सहायक म्हणजे मेकॅनिकची सख्खी वहिनी. ती मागे उभी होती. चोराच्या मनात चांदणं.

सदतीस अंश

पन्नाशी जवळ आली तशा तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. बसल्या जागी मानेवरून घामाची धार. घरी सासू आणि वयात आलेला मुलगा, इथे सगळे पुरुष. सांगणार कोणाला? मग ती थंड खोलीत शिरायची, स्टूल ओढून बसायची. काचेतून कोणाला दिसू नये म्हणून कोपऱ्यात. तिथे पंख्याचा वारा पोचत नव्हता, आणि तापमापक पार दुसऱ्या टोकाला.

ती निवायची तेवढा ट्रे तापायचा.

पुन्हा बारा

दार माझ्याकडून उघडं राहिलं असेल, ती म्हणाली.

दीर हसला. "वहिनी, माझ्यासाठी खोटं बोलू नका. घराला कुलूप लावून दोनदा ओढून बघणाऱ्या तुम्ही."

साहेबही हसले.

गप्प बसलं तरी भागणार होतं. तिनं क्षणभर भागवलंही. क्षणभर कसलं, दीर पाने-पकडी फडक्यात गुंडाळून पिशवी आवरायला लागला, तोवर.

"मी इथे येऊन बसते," ती म्हणाली.

"कशाला?"

"अंगाची आग होते, भाऊजी. वयानं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दिरानं पिशवीच्या बंदाकडे नजर लावली ती काढेना. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग समजूतदारपणे म्हणाले, जाऊ द्या, हा ट्रे बाद करू, कारण म्हणून यंत्राचा बिघाड लिहू.

दिरानं लगेच मान हलवली. तिची अब्रू झाकायला स्वतःचं नाव खराब करून घ्यायला तयार झाला, तेही तिच्याकडे न बघता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यंत्र बारावरच होतं," ती म्हणाली. "मी सदतीसवर होते. तसंच लिहा."

साहेबांनी लिहिलं. तिचे कान तापले होते, आणि जाऊन निवायला आता जागा उरली नव्हती.