तीन बोटांचा टायर

एक फुगा डोळ्यांसमोर आण बघू. तो खालून दोन बोटांच्या चिमटीत धर आणि दुसऱ्या हाताने वरून ढकल. कसा आडवा पडतो! आता तोच फुगा अख्ख्या पंजात बसव आणि ढकल. डुलेल, पण लोळणार नाही. सायकलच्या टायरचंही तसंच. त्याचा पंजा म्हणजे रिम, चाकाचा तो धातूचा गोल काठ. एवढं ध्यानात ठेव, म्हणजे पानाची गोष्ट सांगते.

पाना ही एक मुलगी. मामाच्या सायकल दुकानात सदा हातात पाना घेऊन फिरायची, म्हणून मामानेच ठेवलेलं नाव. तिची आई बाळंतपणं करणारी नर्स. त्या दुपारी नदीपलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती. पूल बंद, नदी कोरडी, आणि वाळूत आईच्या सायकलचे अरुंद टायर रुतायचे.

"मामा, रुंद टायर चढवू का?"

मामा तापाने फणफणला होता. "नंबर बघून चढव," तो पांघरुणातूनच पुटपुटला.

टायरवर सव्वीस, आईचं चाकही सव्वीस. पानाने जुने टायर उतरवले आणि रुंद चढवले. हवा भरल्यावर ते टम्म फुगले.

"झालं का गं? ती बाई तिकडे तळमळतेय!"

"झालंच. बघ, नवरीसारखं नटवलंय चाक."

"नटवू नकोस, सोड मला."

"वाळू लागली की थोडी हवा काढ हं आई. टायर पसरतो, रुतत नाही."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणत आई गेलीसुद्धा.

जरा वेळाने मामा पाणी प्यायला उठला. भिंतीवर रुंद रिमची दोन चाकं टांगलेली होती. त्यांच्याकडे पाहून तो जागीच थांबला.

"टायर चढवलेस ना? मग ही चाकं इथे कशी?"

"आईच्याच चाकांवर चढवले. नंबर जुळला की!"

"अगं, सव्वीस ही चाकाची उंची झाली. रुंदी कोण बघणार? तिची रिम आतून जेमतेम एक बोट, टायर तीन बोटं. दुप्पट चालला असता, थोडा वरही चालला असता. तिप्पट कसा चालेल?"

"पण घट्ट बसला होता, मामा!"

"हवा भरलेली आहे तोवर. कमी झाली की वळणावर कुशीवर लोळतो आणि रिममधून निसटतो."

पानाला आईची पुढची वाट आठवली. वाळू संपली की बंधाऱ्यावरची अरुंद वाट होती, आणि त्या वाटेचं वळण थेट दगडांच्या कडेवर. हवा काढायला सांगितलं होतं तिनेच. हवा पुन्हा भरायला पंप मात्र दिलाच नव्हता.

तिने आईला फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. मामा दाराकडे धावला आणि चौकटीला धरून खालीच बसला. "मालाची सायकल ने," एवढंच त्याला बोलता आलं.

ती सायकल पानाच्या खांद्याएवढी उंच. पुढे सामानाची मोठी फळी, रिम चांगल्या रुंद. सीटवर बसलं तर पाय पोचत नव्हते, म्हणून पाना उभ्यानेच पायडल मारत सुटली. नदीच्या काठावर आईच्या चाकाची रेघ बारीक होती. वाळू सुरू झाली तिथे ती एकदम पसरट झाली. आईने ऐकलं होतं.

"आई! थांब! आई गं!"

बंधाऱ्याच्या वळणावर सायकल पडलेली होती. मागचा टायर रिमबाहेर लोंबत होता. आई खाली दगडांत बसली होती, एक पाय दोन्ही हातांनी धरून.

पाना घसरतच खाली गेली. "आई, माझ्यामुळे झालं. मी रुंदी..."

"ते घरी. आधी पिशवी बघ. बाटल्या फुटल्यात का?"

"नाही."

"मला उठव." आई उठली, पाय टेकवला आणि किंचाळून पुन्हा बसली. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पलीकडे त्या बाईची म्हातारी सासू होती, घरात एकटीच. तिचा आवाज पानालाही ऐकू आला.

"बाई, कुठे आहात? ती आता ओरडतसुद्धा नाही. नुसती बघते."

"तिला कुशीवर वळवा, आजी. बोलत राहा तिच्याशी. येते मी," आई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती दूरच्या पत्र्यांच्या घरांकडे बघत राहिली. "कशी येते मी?" ती हळूच म्हणाली. पानाने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पानाने डोळे पुसले नाहीत. आईच्या काखेत खांदा घालून तिला फरफटत वर आणलं. मालाची सायकल स्टँडवर लावली, आईला पुढच्या फळीवर बसवलं आणि पिशवी तिच्या मांडीवर दिली.

"तुला झेपणार नाही गं."

"घट्ट धर," पाना म्हणाली. तिने स्टँड काढला आणि सगळा भार अंगावर घेऊन सायकल वस्तीच्या दिशेने ढकलायला लागली.