रेघ बुजवणारी बाटली

मी एक जुनी नेलपॉलिशची बाटली आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्या तळाशी वाळून बसला आहे तो खडा नेलपॉलिशचा नाही. तो मोटारीचा गडद निळा रंग आहे, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे.

माझी मूळची लाली सुनीतीबाईंच्या नखांवर संपली. एरवी मी कचऱ्यातच जायची. पण १९९४ साली त्यांच्या यजमानांनी, म्हणजे दिनानाथांनी, एक जुनी निळी मोटार घेतली. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत ती जिन्याजवळच उभी असे. खाडीची खारी हवा पत्र्याला फार वाईट. जरा कुठे रंगाचा टवका उडाला, की आठवड्यात तिथे गंज धरतो. म्हणून दिनानाथांनी मला थिनरने धुतलं आणि दुकानातून मोटारीच्या रंगाशी जुळवून आणलेला रंग माझ्यात भरला. माझ्या झाकणातला बारीक ब्रश त्या कामाला अगदी नेमका होता. बिस्किटाच्या डब्यात, पॉलिशपेपरच्या शेजारी मला घर मिळालं.

रविवारी सकाळी आम्ही खाली जात असू. दिनानाथ आधी साबणाच्या पाण्याने ओरखडा धूत, ओल्या पॉलिशपेपरने हलकेच घासत, कोरडा करत आणि मग माझा ब्रश टेकवत. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. घाई केली की ओघळ येतो. एकदा काम झालं की ओरखडा कुठे होता ते शोधून सापडत नसे. शेजारचे लोक कौतुक करत आणि मी आपली फुगून जात असे.

त्या वेळी मला हातात धरून बसत ते अण्णा. दिनानाथांचे वडील, कमळाकरअण्णा. बायको गेल्यावर गाव सोडून मुलाकडे आलेले. पहाटे केंद्रावरून दूध आणायचं, एवढं एकच काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालाची अंगठी होती. त्यांचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण साडेसाती आहे म्हणून दिनानाथांनी ती करून आणली होती, आणि मुलाचं मन मोडायचं नाही म्हणून अण्णांनी ती घातली. कड जरा खरखरीत होती. माझ्या काचेवर ती टकटक वाजायची.

मग एका रविवारी मोटारीवर ती रेघ दिसली. मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर, सरळ. आम्ही ती बुजवली. पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. असं पाच-सहा वेळा झालं. दिनानाथांनी खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना फैलावर घेतलं.

"दिनू, पोरांना कशाला बोलतोस? एवढीशी तर रेघ आहे," अण्णा म्हणाले.

"एवढीशी? अण्णा, तुम्हाला दिसते तरी का?"

अण्णांनी मला हातात एकदा फिरवलं. "दिसते की," ते म्हणाले.

त्या दिवशी दिनानाथ मला जिन्याच्या कठड्यावर विसरून गेले. सोमवारी पहाटे अण्णा पिशवी घेऊन उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले, पाय चाचपत पुढे सरकले, आणि त्यांनी मोटारीवर हात टेकला. मोटारीच्या कडेकडेने, हात न उचलता, ते फाटकाच्या खांबापर्यंत गेले. अंगठी पत्र्यावर बारीक कुरकुरत होती. मित्रांनो, मी सगळं पाहिलं. पण मला तोंड असून काय उपयोग?

त्यानंतर रेघ पुन्हा उमटली तेव्हा दिनानाथ वैतागले. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी मोटार नेऊन फाटकाबाहेर गुलमोहराखाली लावली. घरात कोणाला सांगायचं त्यांना सुचलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

रविवारी पहाटे अण्णा पडले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्यांची अंगठी काढून दिनानाथांच्या हातात दिली. दुपारी ते घरी आले, डबा उघडला आणि अंगठी माझ्या गळ्याशी धरली. तिच्या कडेला निळा रंग भरला होता. माझ्याच रंगाचा. मला खिशात टाकून ते खाली गेले. रिकाम्या जागेपाशी जोतीराम वॉचमन उभा होता.

"साहेब, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून अण्णांनी शपथ घातली होती मला," तो म्हणाला. "दोन महिनं झालं, त्यास्नी कडंचं काय बी दिसत न्हवतं. गाडी धरून जायचे. आज हात म्होरं केला, आन् गाडीच न्हवती."

दिनानाथ तसेच दवाखान्यात गेले. मी खिशातच होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बराच पुढे गेला होता. दिनानाथ खाटेजवळ बसले.

"अण्णा, मला का नाही सांगितलंत?"

"दुधाचं तेवढं एकच काम होतं रे माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "सांगितलं असतं, तर तेही काढून घेतलं असतंस."

अण्णा पुन्हा उठले नाहीत. दिवाळीच्या आधीच गेले.

मोटार जुन्या जागी परत आली. एका रविवारी दिनानाथ मला घेऊन खाली बसले. त्यांनी झाकण उघडलं, ब्रश बुडवला, रेघेजवळ नेला आणि तसाच परत ठेवला. त्यानंतर मला कोणी उघडलं नाही. खाऱ्या हवेने रेघेला गंज धरला, पण ती बुजवली नाही. पहाटे दूध आणायला आता दिनानाथ स्वतः जातात. जाताना रेघेवरून हात फिरवत जातात, असं सुनीतीबाईंना जोतीरामने सांगितलेलं मी ऐकलं आहे.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा. ओरखडा दिसला तर तो जरूर बुजवा, गंज चढू देऊ नका. पण तीच रेघ पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर ब्रश उघडण्याआधी ती कोणाच्या हाताची आहे ते बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "दिसते की" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.