मास्तरांचं टेन्शन

मास्तरांना जो भेटेल तो एकच सांगत होता, टेन्शन घेऊ नका. डॉक्टर सांगत, सून सांगे, शेजारचा चष्मेवालासुद्धा दारातून सांगून जाई. पंचेचाळीस वर्षं पँटी शिवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे कमालच. शिलाई मशीनवर धाग्याचं टेन्शन ढिलं सोडलं की टाक्याचे कसे तीनतेरा वाजतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. पाय सावरला, खांदा वळला, पण उजवा अंगठा आणि बोट एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. फिजिओ रोज मणी उचलायला लावी आणि मणी रोज घरंगळत. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही हात शिकतो, फक्त सावकाश, असं ती ठणकावून सांगे. मुलाला मात्र ते पटेना. त्याने दुकानातलं मशीन विकायला काढलं. मशीन गेलं की आपणही अडगळीत, हे मास्तरांच्या मनाने घेतलं.

रविवारी मशीन बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा मास्तरही दुकानात येऊन बसले होते. त्याने चिंधी घालून टीप मारून पाहिली. खालच्या बाजूला धाग्याचा नुसता गुंता.

"मशीन बाद झालंय," तो म्हणाला. मुलाने गुमान मान हलवली.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना म्हातारा म्हणा, आजारी म्हणा, पण मशीन बाद? ते उठले, तोल जाऊ नये म्हणून डाव्या हाताने टेबल धरलं आणि उजवा हात थेट टेन्शनच्या चकतीकडे नेला. अंगठा थरथरला. बोट हळूहळू पुढे आलं. दोघांनी मिळून चकती पाव फेरा फिरवली.

"आता मारा टीप."

टाका दोन्हीकडून सरळ पडला. गिऱ्हाईक खूश झालं. मुलगा टाक्याकडे बघतच नव्हता, तो बापाच्या बोटांकडे बघत होता. मशीन विकायचं नाही, असं सांगून त्याने गिऱ्हाईकाची माफी मागितली.

गिऱ्हाईक चरफडत निघालं, तशी मास्तरांची नजर त्याच्या पायांकडे गेली.

"पँटची खालची दुमड उसवलीय तुमची. आणून टाका. दोन महिन्यांत देतो."

"एवढ्याशा कामाला दोन महिने?"

"हात नवा आहे," मास्तर म्हणाले.